रोबोच्या सर्व्होंना वीज द्यायची कशी: हिशेबापासून शेवटच्या तारेपर्यंत

हात उचलायची कमांड दिली की रोबो थरथरतो, मध्येच बोर्ड रीसेट होतो, लॅपटॉपमधून यूएसबी सुटल्याचा आवाज येतो. कॉलेजच्या फेस्टच्या आधी ही तक्रार घेऊन येणाऱ्या मुलांनी तोवर कोड अनेकदा बदललेला असतो, लायब्ररी पुन्हा टाकलेली असते, कधी नवा सर्व्होही (सांगितलेल्या कोनात वळून थांबणारी मोटर) आणलेला असतो. दोष मात्र बहुतेक वेळा विजेत असतो. सर्व्हो आर्डुइनोच्या, म्हणजे त्याला कमांड देणाऱ्या बोर्डाच्या, ५ व्होल्ट पिनवरून चालवलेला असतो, नाहीतर बॅटरी पुरेशी असूनही मधल्या तारा केसासारख्या बारीक असतात.

म्हणून इथे वीज आधी आणि कोड शेवटी, असा क्रम ठेवला आहे. टप्पे त्याच क्रमाने करा. प्रत्येक टप्प्यानंतरची तपासणी झाल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण सगळं जोडून झाल्यावर चूक शोधणं फार जड जातं.

उदाहरणासाठी सहा सर्व्होंचा हात धरू. तळ, खांदा, कोपर आणि मनगट यांना एमजी९९६आर हे मोठे सर्व्हो, तर मनगट फिरवायला आणि पकडीला दोन छोटे एसजी९०.

## १. कागदावर हिशेब

सर्व्होच्या माहितीपत्रकात करंटचे दोन-तीन आकडे असतात. आपल्या कामाचा आकडा स्टॉल करंटचा. सर्व्होला हलायचं आहे पण भारामुळे हलता येत नाही, तेव्हा तो जो करंट ओढतो तो हा. एमजी९९६आरचा स्टॉल करंट ६ व्होल्टवर सुमारे २.५ अँपिअर, आणि एसजी९०चा साधारण ०.७ अँपिअर.

‘माझा सर्व्हो अडकतच नाही, मग स्टॉलचा आकडा कशाला?’ असं विचारलं जातं. कारण थांबलेली कुठलीही डीसी मोटर सुरू होताना क्षणभर तेवढाच करंट मागते. फिरायला लागली की मागणी उतरते, पण त्या पहिल्या क्षणात व्होल्टेज कोसळलं तर बोर्ड बंद पडतो. सहाही सर्व्हो एकदम सुरू झाले तर मागणी ४ × २.५ अधिक २ × ०.७, म्हणजे ११.४ अँपिअर.

इतका मोठा सोर्स घ्यायलाच हवा असं नाही. मी हिशेब असा करतो: ज्या सांध्यांवर सतत वजन असतं, म्हणजे खांदा आणि कोपर, त्यांचा पूर्ण स्टॉल करंट धरायचा आणि बाकीच्यांचा निम्मा. इथे ५ अधिक २.५ अधिक ०.७, म्हणजे ८.२ अँपिअर. १० अँपिअरचा सोर्स घेतला की हात निवांत चालतो, मात्र सर्व्हो एकेक करून सुरू करायचे. ते आठव्या टप्प्यात येईल.

याच कागदावर वजनही तपासा. खांद्यापासून २५ सेंटीमीटरवर ३०० ग्रॅम वजन असेल तर खांद्यावर ७.५ किलो-सेंमी टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, येतो. एमजी९९६आरचा ४.८ व्होल्टवरचा स्टॉल टॉर्क ९.४ किलो-सेंमी. म्हणजे हा सर्व्हो दिवसभर जवळपास स्टॉलमध्येच उभा राहणार, तापणार आणि करंट खात राहणार. कुठलीही बॅटरी यावर उपाय नाही. हात आखूड करा, वजन कमी करा किंवा रबर बँड, स्प्रिंग लावून भार उचलून घ्या. सतत लागणारा टॉर्क स्टॉल टॉर्कच्या एक तृतीयांशाच्या आत राहिला पाहिजे.

तपासणी: प्रत्येक सांध्यापुढे स्टॉल करंट, त्यावरचा भार आणि धरलेला करंट लिहिलेला कागद हातात आहे का? नसेल तर खरेदीला निघू नका.

## २. सोर्स ठरवा

आधी काय वापरायचं नाही ते.

आर्डुइनो ऊनोची ५ व्होल्ट पिन: यूएसबीवर चालताना बोर्डावरचा फ्यूज ५०० मिलीअँपिअरचा आहे. एक एसजी९० मोकळा हलवून बघण्यापुरती ती ठीक.

एल२९८एन मोटर ड्रायव्हरवरचा ५ व्होल्टचा स्क्रू: ही चूक गाडीवाल्या रोबोंमध्ये सर्रास दिसते. त्यामागचा रेग्युलेटर जेमतेम अर्ध्या अँपिअरचा असतो.

९ व्होल्टची चौकोनी बॅटरी: तिचा आतला रेझिस्टन्स इतका असतो की सर्व्हो हलताच व्होल्टेज बसतं.

७८०५ रेग्युलेटर: ७.४ व्होल्टवरून ५ व्होल्ट करताना दर अँपिअरमागे २.४ वॉट उष्णता बाहेर टाकतो. एक-दोन छोट्या सर्व्होंपलीकडे त्याचा उपयोग नाही.

टेबलावर काम करायचं असेल तर ५ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस, म्हणजे २३० व्होल्टवरून कमी व्होल्टचा डीसी देणारा डबा, उत्तम. जाळीच्या पत्र्याचा घेतलात तर त्यावर २३० व्होल्टचे स्क्रू उघडे असतात. त्यावर झाकण बसवा, तीन पिनांचा प्लग वापरून अर्थ जोडा, आणि शाळेतली मुलं हे काम करत असतील तर २३० व्होल्टची बाजू मोठ्या माणसानेच जोडायची.

चालत्या रोबोसाठी लिथियम बॅटरी आणि तिच्यापुढे बक कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज कमी करणारं मॉड्यूल. दोन सेलांचा पॅक भरल्यावर ८.४ व्होल्ट देतो. तो थेट सर्व्होला लावायचा नाही, एसजी९० ६ व्होल्टपर्यंतच चालतो. बक कन्व्हर्टरला इनपुट आउटपुटपेक्षा सुमारे दीड व्होल्ट जास्त लागतं, त्यामुळे दोन सेलांवरून ६ व्होल्ट मागितले तर पॅक निम्मा उतरल्यावर कन्व्हर्टर हात टेकतो. दोन सेल असतील तर ५ व्होल्टवर समाधान माना. ६ व्होल्ट हवे असतील तर तीन सेलांचा पॅक घ्या.

कन्व्हर्टरवर छापलेला आकडा पूर्ण खरा न धरायची सवय लावा. एलएम२५९६चं छोटं मॉड्यूल ३ अँपिअरचं म्हणून विकतात, पण हीट सिंकशिवाय २ अँपिअरवरच ते बोट ठेवू देत नाही. एक्सएल४०१५ ५ अँपिअरचं आहे, तेही हीट सिंक लावून. आपल्या हातासाठी दोन एक्सएल४०१५ घ्या: एकावर खांदा आणि मनगट, दुसऱ्यावर कोपर आणि तळ. छोटे दोन सर्व्हो वेगळ्या एलएम२५९६वर. खांदा आणि कोपर मुद्दाम वेगळे ठेवले आहेत, कारण वजन उचलताना हे दोघं एकाच वेळी करंट मागतात.

सावधान: दोन कन्व्हर्टरचे आउटपुट प्लस एकमेकांना जोडून ‘१० अँपिअर’ करायला जाऊ नका. ज्याचं व्होल्टेज किंचित जास्त, तो सगळा भार ओढतो आणि आधी जातो. ग्राउंड एकत्र, प्लस वेगळे.

## ३. खरेदी

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोड गाठलात की यातलं जवळपास सगळं एका फेरीत मिळतं. काउंटरवर ‘सर्व्होसाठी वायर द्या’ म्हणू नका, गेज सांगा (आकडा जितका मोठा तितकी तार बारीक). यादी अशी:

- १८ गेजची सिलिकॉन वायर, लाल आणि काळी, बॅटरीपासून कन्व्हर्टर आणि पट्टीपर्यंत
- २२ गेजची वायर, पट्टीपासून प्रत्येक सर्व्होपर्यंत
- स्क्रूवाली टर्मिनल पट्टी
- १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचे कपॅसिटर, प्रत्येक कन्व्हर्टरमागे एक
- गाडीत असतो तसा १० अँपिअरचा ब्लेड फ्यूज आणि त्याचा होल्डर. तो ऑटो स्पेअर पार्ट्सच्या दुकानातही मिळतो
- १० अँपिअरचा रॉकर स्विच. छोटा सरकता स्विच अर्ध्या अँपिअरच्या आसपासचा असतो, तो नको
- हीट श्रिंक नळ्या

सेल घेताना डोळे उघडे ठेवा. १८६५० आकाराच्या सेलवर ९९०० मिलीअँपिअर-तास छापलेलं असेल तर तो जागच्या जागी परत करा. नावाजलेल्या कंपन्यांचे सेलही साधारण ३५०० च्या आसपास थांबतात. पॅकला बीएमएस (बॅटरीचं रक्षण करणारं सर्किट) असेल तर त्याची करंट मर्यादा विचारा. ३ अँपिअरचा बीएमएस असला की हात उचलताना अख्खा रोबो बंद पडतो, आणि दोष बिचाऱ्या कोडवर जातो.

## ४. व्होल्टेज आधी सेट करा, सर्व्हो नंतर

नवीन कन्व्हर्टर कुठल्या व्होल्टेजवर ठेवलेला आहे याचा काही भरवसा नसतो. सर्व्हो लावून मग स्क्रू फिरवायचा म्हणजे सर्व्हो पणाला लावायचा.

आउटपुट रिकामं ठेवा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर घ्या, लाल प्रोब व्होल्टच्या भोकात आहे याची खात्री करा. करंट मोजून झाल्यावर प्रोब १० अँपिअरच्या भोकात तसाच राहिला आणि तुम्ही व्होल्टेज मोजायला गेलात तर बॅटरी थेट शॉर्ट होते. आता इनपुट द्या आणि निळ्या डबीवरचा पितळी स्क्रू फिरवा. पहिले काही फेरे आकडा हलणारच नाही. हा स्क्रू अनेक फेऱ्यांचा असतो, घाबरून जोर लावू नका. एका दिशेने काहीच होत नसेल तर उलटा फिरवा. हवं ते व्होल्टेज आलं की स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका द्या, म्हणजे प्रवासात तो सरकणार नाही.

तपासणी: इनपुट काढून पुन्हा लावा. आकडा तोच आला पाहिजे. प्लस-मायनस कुठल्या स्क्रूवर आहे ते मार्करने लिहून ठेवा.

## ५. वाटपाची पट्टी

सगळ्यात जास्त रोबो इथे बिघडतात, म्हणून या टप्प्याला घाई नको.

सकाळी पाणी आलं की चाळीतले सगळे नळ एकदम सुटतात आणि वरच्या मजल्यावर नुसती धार येते. टाकीत पाणी असतं, पाइप बारीक असतो. बारीक तारेतून करंट नेताना व्होल्टेजचं तेच होतं. ब्रेडबोर्डबरोबर मिळणारी जंपर वायर साधारण २८ गेजची असते आणि तिचा रेझिस्टन्स मीटरमागे ०.२ ओहमच्या वर. २० सेंटीमीटरची वायर, जाऊन-येऊन ४० सेंटीमीटर. त्यातून ५ अँपिअर नेले तर नुसत्या तारेत ०.४ व्होल्ट जातात. ब्रेडबोर्डच्या स्प्रिंगचा आणि पिनांचा रेझिस्टन्स वेगळाच. कन्व्हर्टरवर ५ व्होल्ट दिसतात आणि सर्व्होपाशी साडेचारच्या खाली पोचतात. तेवढीच वायर १८ गेजची असेल तर तोटा ०.०५ व्होल्टच्या आत राहतो.

ब्रेडबोर्डवरून सर्व्होची वीज नेऊ नका. सिग्नलसाठी तो चालेल.

जोडणी अशी करा. बॅटरीचा प्लस आधी फ्यूजमध्ये, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. फ्यूजमधून स्विच, स्विचमधून कन्व्हर्टरचे इनपुट. प्रत्येक कन्व्हर्टरच्या आउटपुटमधून प्लस पट्टीच्या आपापल्या भागात, आणि सगळे मायनस पट्टीच्या एकाच सामायिक भागात. तिथून प्रत्येक सर्व्होला स्वतंत्र लाल आणि काळी तार. एका सर्व्होवरून पुढच्या सर्व्होला वीज नेली की शेवटच्याच्या वाट्याला उरलंसुरलं येतं.

कपॅसिटर पट्टीवर, सर्व्होंच्या शक्य तितक्या जवळ. पट्टा असलेली बाजू मायनस. उलटा लावला तर तो फुगतो आणि फुटतो, म्हणून पहिल्यांदा वीज देताना चेहरा पट्टीवर आणू नका. कपॅसिटर सर्व्हो सुरू होतानाचा क्षणिक खड्डा भरून काढतो. कमी पडणारा सोर्स तो पुरा करू शकत नाही.

स्क्रूखाली बसणाऱ्या तारेच्या टोकाला सोल्डर लावून ते कडक करायची सवय असेल तर सोडा. सोल्डर दाबाखाली हळूहळू पसरतं आणि जोड सैल होतो. तार पिळून सरळ घाला, किंवा टोकाला फेरूल (धातूची छोटी नळी) दाबा. मग प्रत्येक तार ओढून बघा. ओढल्यावर निघाली तर ती आज ना उद्या निघणारच होती.

तपासणी: वीज बंद, बॅटरी बाजूला. मीटर बीपवर ठेवून प्लस आणि मायनसमध्ये टोचा. कपॅसिटरमुळे क्षणभर बीप येऊन थांबला तर ठीक. सतत वाजला तर शॉर्ट आहे, शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## ६. ग्राउंड एकच

सर्व्होची वीज वेगळी, बोर्डाची वेगळी, पण ग्राउंड दोघांचं एक. बोर्डाने पाठवलेला सिग्नल सर्व्हो ग्राउंडच्या तुलनेत वाचतो. ग्राउंड जोडलेलं नसेल तर सर्व्हो वेड्यासारखा फिरतो किंवा ढिम्म हलत नाही.

पट्टीच्या मायनसपासून बोर्डाच्या ग्राउंड पिनला एक तार न्या. सर्व्होंचा करंट मात्र बोर्डातून जाता कामा नये. बॅटरीचा मायनस बोर्डाच्या ग्राउंडला आणि तिथून पुढे सर्व्होंना, अशी जोडणी केली तर ८ अँपिअर बोर्डावरच्या बारीक पट्ट्यांतून वाहतात.

बोर्डाची ५ व्होल्ट पिन आणि सर्व्होचा प्लस हे कधीच जोडू नका. यूएसबी लावलेली असताना बाहेरची वीज लॅपटॉपच्या दिशेने ढकलली जाऊ शकते.

जोडताना ग्राउंड आधी, काढताना ग्राउंड शेवटी. चालू असताना सर्व्होचा ग्राउंड सुटला तर करंट सिग्नलच्या तारेतून वाट शोधतो, आणि बोर्डाची पिन जाते.

## ७. सिग्नल

इथे फार काही नाही. तपकिरी ग्राउंड, लाल प्लस, नारिंगी सिग्नल; काही सर्व्होंना काळी, लाल, पांढरी. लाल मधोमध असते, त्यामुळे प्लग उलटा घातला तरी बहुतेक वेळा सर्व्हो जळत नाही, फक्त हलत नाही.

ऊनोवर सर्व्हो लायब्ररी वापरली की ९ आणि १० या पिनांवरचं पीडब्ल्यूएम (मोटरचा वेग ठरवणारे पल्स) बंद होतं. तिथे गाडीच्या मोटरचा वेग जोडलेला असेल तर ‘सर्व्हो लावला आणि मोटर बंद पडली’ हे कोडं पडतं. मोटर दुसऱ्या पिनांवर न्या.

अनेक सर्व्होंना सिग्नल देणारा पीसीए९६८५ बोर्ड वापरत असाल तर त्यावर विजेच्या दोन वेगळ्या जागा आहेत. व्हीसीसी म्हणजे चिपची वीज, ती कंट्रोलरकडून: ऊनोला ५ व्होल्ट, रास्पबेरी पाय किंवा ईएसपी३२ला ३.३. व्ही प्लस म्हणजे सर्व्होंची वीज, ती बाहेरून, स्क्रूच्या टर्मिनलवर. मोठ्या सर्व्होंसाठी मी या बोर्डावरून फक्त सिग्नल घेतो आणि वीज थेट पट्टीवरून देतो.

## ८. एकेक करून सुरू करा

अजून रोबोचे सांधे जोडू नका. सर्व्होचा हॉर्न, म्हणजे त्याच्या दांड्यावर बसणारं पातं, काढलेला असू दे.

पहिला सर्व्हो लावा आणि त्याला १५०० मायक्रोसेकंदाचा पल्स द्या, म्हणजे तो मधोमध येईल. आता हॉर्न बसवा. हॉर्न आधी बसवून मग वीज दिली तर हात टेबलावर आपटतो आणि गिअरचे दात जातात.

मग टोकं शोधा. ० आणि १८० अंश कागदावर असतात. स्वस्त सर्व्हो त्याआधीच आतल्या अडथळ्याला टेकतो. टेकला की बारीक गुणगुण ऐकू येते. तो आवाज म्हणजे स्टॉल करंट वाहतो आहे. आवाज थांबेपर्यंत मागे या आणि तीच मर्यादा कोडमध्ये लिहा. बहुतेकांचं १० ते १७० मध्ये भागतं.

याच पद्धतीने उरलेले पाच. कोडमध्ये सर्व्हो जोडणाऱ्या दोन ओळींमध्ये ३०० मिलीसेकंद थांबा ठेवा. आणि सेटअपच्या पहिल्याच ओळीत सीरियल मॉनिटरवर ‘सुरू’ असं छापा. हा साधा शब्द फार कामाचा आहे. हात हलताना ‘सुरू’ पुन्हा पुन्हा उमटायला लागला तर बोर्ड रीसेट होतो आहे. रीसेट झाला की सगळे सर्व्हो पुन्हा उडी मारतात, व्होल्टेज पुन्हा बसतं, बोर्ड पुन्हा रीसेट होतो, असं चक्र सुरू राहतं. ईएसपी३२ तर ब्राउनआउट (व्होल्टेज बसल्यामुळे होणारा रीसेट) झाल्याचं स्वतःच छापतो.

## ९. भार देऊन मोजा

रोबो पूर्ण जोडा. हातात ठरलेलं वजन द्या आणि तो आडवा धरायला लावा. खांद्याच्या प्लगपाशी, म्हणजे तारेच्या शेवटच्या टोकाला, व्होल्टेज मोजा. मग कन्व्हर्टरच्या आउटपुटवर मोजा.

दोन्हींत ०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर दोष तारेत किंवा जोडात. दोन्हीकडे सारखंच बसलं असेल तर कन्व्हर्टर कमी पडतो आहे. कन्व्हर्टरचं इनपुटही बसलं असेल तर बॅटरी, बीएमएस किंवा स्विच बघा. दोन्हीकडे व्होल्टेज ठणठणीत असून सर्व्हो थरथरत असेल, तर आता कोडकडे वळायला हरकत नाही. साधा मल्टिमीटर सेकंदातून दोन-तीनदाच वाचतो, त्यामुळे क्षणभराचे खड्डे त्यावर दिसत नाहीत. त्यासाठी ‘सुरू’ हाच पुरावा.

दहा मिनिटं चालवून वीज बंद करा आणि मग प्रत्येक जोडाला बोट लावा. गरम लागलेला स्क्रू म्हणजे सैल स्क्रू. सर्व्होचं आवरण हात ठेवता येणार नाही इतकं तापलं असेल तर पहिल्या टप्प्यातला टॉर्कचा हिशेब पुन्हा काढा.

## १०. नेण्याआधी

पवईला किंवा माटुंग्याला स्पर्धेसाठी लोकलने रोबो नेताना बॅटरी काढून वेगळी ठेवा, टोकांवर इन्सुलेशन टेप लावा. गर्दीत चेंगरलेल्या बॅगेत किल्ल्यांचा जुडगा टोकांना लागला तर आग लागू शकते. फुगलेला पॅक तर घरातूनच बाहेर काढू नका. पोचल्यावर वीज देण्याआधी प्रत्येक तार पुन्हा ओढून बघा आणि पाचव्या टप्प्यातली बीपची तपासणी पुन्हा करा.

पावसाळ्यात आणि समुद्राजवळच्या घरांत पिनांवर महिन्याभरात काळपट थर धरतो. रोबो झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. बरेच दिवस पडून राहिलेला रोबो सुरू करण्याआधी सगळे प्लग दोन-तीनदा काढून घाला, म्हणजे घासून धातू उघडा होतो. तांब्यावर हिरवट डाग दिसला तर ते टोक कापून नवीन करा.